दोन चित्रांमधली रिकामी जागा

काळ कुणासाठी थांबत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. घाटकोपर पश्चिमेच्या एका औद्योगिक इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ‘स्वरमुकुल डबिंग स्टुडिओ’त मात्र तो दिवसातून बऱ्याच वेळा थांबतो. कारण बरोबर वरच्या गाळ्यात खाकरे भाजायचं मशीन आहे आणि ते सुरू झालं की स्टुडिओच्या भिंती गुणगुणायला लागतात. मग साउंड इंजिनिअर सुयोग हात वर करतो, पडद्यावरचा खलनायक सुरा उगारल्या जागी गोठतो, आणि त्याला मराठीत बोलायला लावणारा माणूस काचेच्या खोलीत तोंड उघडं ठेवून मशीन बंद व्हायची वाट बघत उभा राहतो.

त्या माणसाचं नाव चंद्रप्रकाश आंदुर्लेकर. गेली पंचवीसेक वर्षं दक्षिणेतले खलनायक मराठीत मरायचे ते त्याच्या गळ्यातून. आवाज असा, की नाहूरच्या त्याच्या सोसायटीत तो पाण्याच्या टाकीबद्दल चार शब्द बोलायला उभा राहिला तरी पुढच्या रांगेतल्या बायका मुलांना जवळ ओढून घेत. पण त्याचा खरा मान आवाजाला नव्हता. आवाज कोकणात पिकतो. आंदुर्ल्याच्या अर्ध्या वाडीचा तसाच आहे. त्याचा मान होता ओठ जुळवण्याला. पडद्यावर ओठ मिटले की तिथे प, फ, ब, भ, म यांतलं काहीतरी पडलंच पाहिजे, हा या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम. चंद्रप्रकाश कागदावरचं वाक्य उभ्या उभ्या फिरवून त्याचा ‘म’ नेमका मिटलेल्या ओठांवर ठेवायचा. एका दमात. दुसऱ्यांदा घ्यायला लागलं तर त्याला ते अन्न सांडल्यासारखं वाटायचं.

आणि या सोमवारपासून त्याचा एकही ‘म’ जागेवर पडत नव्हता.

या वेळच्या सिनेमातल्या खलनायकाचं नाव रुद्रप्पा. नट नवा होता. खांदे दरवाजाएवढे, डोळे थंड, आणि तो सदैव अंधारात. तळघरात, गोदामात, विझत्या चितेच्या उजेडात. सिनेमा प्रदर्शनाआधी फुटू नये म्हणून कंपनीने मूळ संवाद काढून घेऊन चित्र पाठवलं होतं. पावलं वाजत, दारं करकरत, कुठे साखळी ओढल्याचा आवाज येई, माणसं मात्र मुकी. एरवी एका कानात मूळ भाषा वाजत असते, तिच्या आधाराने बोलता येतं. इथे नुसतं एक तोंड, आणि कागदावर लिहिलेलं वाक्य:

“तुझी वेळ भरत आली आहे. ऐकू येतंय? ती पायऱ्या चढून वर येतेय.”

चंद्रप्रकाशने ते म्हटलं. ‘भरत’चा ‘भ’ पडला तेव्हा रुद्रप्पाचे ओठ सताड उघडे होते. मग वाक्य संपल्यावर, सगळं शांत झाल्यावर, ते सावकाश मिटले.

“अजून एकदा घेऊ, दादा,” सुयोगचा आवाज हेडफोनमधून आला. इतक्या वर्षांत ‘अजून एकदा’ हे शब्द त्याने चंद्रप्रकाशला उद्देशून पहिल्यांदा वापरले.

पुन्हा घेतलं. या वेळी तोंड आधी मिटलं आणि ‘भ’ मागून धावत आला. तिसऱ्यांदा पुन्हा तोंड मागे. सुयोगने आवाज जरासा सरकवून पाहिला. पहिला शब्द बसला, तर तिसरा निसटला. तिसरा बसवला तर पहिला निसटला. काचेपलीकडे नायिकेचा आवाज देणारी श्रुतिका आपली पाळी यायची वाट बघत शेंगदाणे खात होती, ती खायची थांबली. चंद्रप्रकाशला ते दिसलं.

दुपारी श्रुतिका आत गेली आणि नायिकेची सगळी शेतातली वाक्यं एका दमात देऊन बाहेर आली. त्याच पडद्यासमोर.

चंद्रप्रकाश जिन्यात जाऊन उभा राहिला. वरून खाकऱ्यांचा जळका खमंग वास येत होता. त्याला भाऊ आठवले, आणि भाऊ आठवल्याचं त्याला अजिबात आवडलं नाही.

भाऊ म्हणजे त्याचे वडील. गिरणीत मागावर होते. गिरणी गेली तेव्हाही माणूस ताठ होता. मग एकदा जेवताना ते “मीठ” म्हणाले, आणि त्या शब्दाच्या आधी एक जागा आली. काहीच नसलेली, रिकामी. घरात कुणी लक्ष दिलं नाही. पण ती जागा भाऊंच्या बोलण्यात मुक्कामाला आली ती आलीच. दोन शब्दांच्या मध्ये बसायची आणि दरवेळी थोडी अंग पसरायची. मग हात मागे पडला, मग पाय. शेवटी नुसते ओठ हलत आणि शब्द यायचाच नाही. डॉक्टरांनी त्याला कंपवात असं नाव दिलं, आणि नाव दिल्यावर त्यांचं काम झालं.

तेव्हा भाऊ बावन्न वर्षांचे होते. चंद्रप्रकाशला गणपतीनंतर बावन्नावं लागलं होतं.

“दादा!” सुयोग जिन्यात आला. त्याचा चेहरा उजळला होता, म्हणजे त्याने इंटरनेटवर काहीतरी वाचलं होतं. “टेन्शन नको घेऊ. लॅग तुझा नाहीच आहे. लॅग त्या डब्याचा आहे.”

डबा म्हणजे काचेच्या खोलीतला मॉनिटर. मालक मुकुलभाईंचा भाचा त्याच्यावर गेम खेळायचा. भाचा कॅनडाला गेला, जाताना मॉनिटर मामाला देऊन गेला, आणि मामाने तो आधीच्या बिचाऱ्या चौकोनी पडद्याच्या जागी लावला. वळणदार होता, कडांना लाल दिवे होते, आणि सेकंदाला इतकी चित्रं दाखवायचा की सिनेमाकडे तेवढी नव्हतीच.

“हा पडदा उजेडात सुसाट आहे,” सुयोगने समजावलं. “पण काळ्यातून करड्यात येताना त्याचा जीव जातो. म्हणून श्रुतिकाचं झकास बसतं, ती उन्हात आहे. तुझा रुद्रप्पा कायम अंधारात. त्याचे ओठ हलतात, पण पडद्याला ते दाखवायला उशीर होतो. तू उशिरा दिसणारं बघून बोलतोस. म्हणून रेकॉर्डिंगच गंडतं. सिंपल!”

“पण कधी ओठ आधी मिटतात रे.”

सुयोगने मान खाजवली. “ते पण होतं,” तो म्हणाला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडी चांगली सत्तावीस इंची होती. चंद्रप्रकाशला तंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ‘लॅग तुझा नाही’ एवढं वाक्य त्याला नीट कळलं. तो इतक्या घाईने “हो, हो, डब्याचाच आहे” म्हणाला, की सुयोगने एकदा त्याच्याकडे निरखून पाहिलं.

आधी सुयोगने पडद्याच्या मेनूत जाऊन रंग बदलायचा वेग शेवटच्या टोकाला नेला. ओठांचा धूसर फराटा गेला. पण आता रुद्रप्पाच्या तोंडाभोवती आणखी एक तोंड उमटायला लागलं, फिकट, कडेने उजळलेलं. पहिलं मिटलं की ते क्षणभर उघडंच राही.

“त्याला उलटं भूत म्हणतात,” सुयोग आनंदाने म्हणाला. “वेग जास्त झाला की येतं.”

“काढ ते,” चंद्रप्रकाश म्हणाला.

त्याने ते काढलं, पण चंद्रप्रकाशचं ते पाहून झालं होतं.

*

घरी त्याने सुगंधाला काही सांगितलं नाही. नवरे असं काही सांगत नाहीत तेव्हा बायकांना कसं कळतं, हा संशोधनाचा विषय नाही. चंद्रप्रकाश चहाचा कप बशीसकट कानाशी धरून बसला होता.

“अहो, काय ऐकताय?”

“वाजतोय का बघत होतो.”

“कप?”

“हात.”

सुगंधाने कप काढून घेतला. “काय झालंय?”

यावर तो जरा थांबला. मग तो थांबला हे त्याच्या लक्षात आलं. “सुगंधा, मी हल्ली उत्तर उशिरा देतो का गं?”

“तुम्ही लग्नापासून उशिराच देता,” ती म्हणाली. “हुंड्याबिंड्याचं नाही म्हणून सांगायला तुमच्याकडची माणसं आली, तेव्हा मुलगी पसंत आहे का विचारलं, तर तुम्ही पोहे संपेपर्यंत गप्प होतात.”

एरवी यावर तो हसला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने न्हाणीघराच्या आरशासमोर उभं राहून सराव केला. “तुझी वेळ भरत आली आहे.” आरशातला माणूस बरोबर बोलतो की मागून, हे बघायला तो अगदी जवळ गेला. श्वासाने काच धुरकटली. धुक्यात ओठ हलले. ते त्याच्या बोलण्याआधी हलले की नंतर, हे त्याला ठरवता येईना. “ऐकू येतंय? ती पायऱ्या चढून वर येतेय.” पुन्हा. आणखी एकदा, जरा मोठ्याने.

वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची नुकतीच बायपास झाली होती. न्हाणीघराच्या झरोक्यातून सकाळी सकाळी आपल्याला हे काय सांगितलं जातंय, ते विचारायला त्यांची मुलगी चपला न घालताच खाली आली. सुगंधाने माफी मागितली, दार लावलं, आणि मुलुंडच्या एका मेंदूतज्ज्ञाकडे फोन करून पुढच्या सोमवारची वेळ घेतली. नवऱ्याला तिने ते भाजी चिरता चिरता सांगितलं, विजेचं बिल भरल्यासारखं. त्याने नको म्हटलं नाही. त्याने नको म्हटलं नाही म्हणून ती घाबरली.

तेवढ्यात दहिसरहून शकुआत्याचा फोन आला. भाऊंची ही धाकटी बहीण. चेकनाक्याजवळच्या चाळीत जन्म गेला, आता तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरात चौदाव्या मजल्यावर राहते, पण बोलते अजून तळमजल्यावरून हाक मारल्यासारखी. सुगंधाने तिला काही सांगितलं नव्हतं असं सुगंधाचं म्हणणं.

“चंदू, जीभ मागे रवता मा रे तुझी?”

“नाही गं आत्या. मॉनिटरचा प्रॉब्लेम आहे.”

“तुझ्या बापाशीचा पण असाच सुरू झाला. आधी जीभ, मगे हात, मगे पाय. तो म्हणा, गिरणीतल्या आवाजान कान गेले हत, म्हणान बोलाक उशीर होता. कोण नाय कोण तरी लागताच, नाव घेवक.” तिने श्वास घेतला. “तुका कितवा लागला?”

“बावन्नावं.”

पलीकडे शांतता पसरली. आत्या फोनवर गप्प बसल्याची कुटुंबात नोंद नव्हती.

“राखण नाय दिली कोणी,” ती शेवटी म्हणाली. “गिरण बंद पडली, गावाक जाणा सुटला, गावच्या राखणदार देवाचो नारळ तसोच रवलो. भाऊ म्हणा, फुडच्या वर्सा.”

“आत्या, अगं हे शास्त्र आहे. पडदा एक चित्र दाखवतो, मग दुसरं दाखवतो. त्या दोन चित्रांच्या मध्ये थोडा वेळ तो काहीच करत नाही. ती जागा नीट करायचीय, बास.”

“मगे तेच सांगतंय मी,” आत्या म्हणाली. “जा काय शिरता ता मधल्या जाग्यातच शिरता. तिनसांजेक. उंबऱ्यार. तुझ्या बापाशीच्या दोन शब्दांच्या मधी खय जागा होती? मगे शिरला कसा?”

तिने फोन ठेवल्यावरही चंद्रप्रकाशने तो कानालाच धरून ठेवला.

*

सुयोगने रात्रीत आणखी वाचलं होतं. तो एक छोटंसं सॉफ्टवेअर घेऊन आला, ज्यात मॉनिटरच्या आतली मापं हाताने बदलता येत होती. पडद्यावर नुसते चौकोन आणि चौकोनांत आकडे. श्रुतिका आणि चंद्रप्रकाश त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले, ऑपरेशन बघायला नातेवाईक उभे राहतात तसे.

“हे बघ, दादा. चित्र एकदम येत नाही, वरून खाली ओळी-ओळीने रंगतं. सगळ्या ओळी रंगल्या की पडदा जरा वेळ रिकामा बसतो, मग दुसरं चित्र. आपण काय करायचं, ही रिकामी जागा वाढवायची.”

“वाढवायची?” चंद्रप्रकाश दचकून म्हणाला. “कमी नाही करायची?”

“वाढवायची! म्हणजे ओळी झटकन रंगवून टाकाव्या लागतात त्याला. पंगतीतला वाढपी कसा, सगळ्यांना भराभर वाढतो आणि मग कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. तसं. चित्र लवकर येतं, उरलेला वेळ काही नाही.”

“उरलेला वेळ काही नाही,” चंद्रप्रकाशने म्हटलं. हे त्याने त्याच्या धंद्याच्या आवाजात म्हटलं असावं, कारण श्रुतिका एक पाऊल मागे सरकली.

सुयोगने आकडा वाढवला आणि बटण दाबलं. काचेच्या खोलीतला पडदा विझला. कडांचे लाल दिवे तेवढे चालू राहिले, मधे काळं भगदाड. मग त्या काळोखात एक छोटी करडी चौकट उमटली आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तरंगायला लागली. तिच्यावर ‘आउट ऑफ रेंज’ असं लिहिलं होतं.

“म्हणजे काय?” चंद्रप्रकाशने विचारलं.

“म्हणजे त्याच्या कुवतीबाहेर. थांब, येईल परत. पंधरा सेकंदांत स्वतःच जुन्यावर येतो.”

तिघं बघत राहिले. चौकट भिंतीला आपटून परत फिरत होती. भाऊ शेवटी शेवटी खाटेवरून असेच छताकडे बघायचे, ओठ हलायचे, आणि आई म्हणायची, थांबा, येईल. पंधरा सेकंद हे फार असतात. ते त्यातला एकेक सेकंद काही न करता घालवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पडदा परत आला. रुद्रप्पा चंद्रप्रकाशकडेच बघत होता.

असं चार-पाचदा झालं. जागा वाढवायची, विझायचं, वाट बघायची. याच वेळी आत्याचा पुन्हा फोन आला. तिने सांगितलं की नारळ तिने आणलाय, चौदाव्या मजल्यावरून गावाच्या दिशेला तोंड करून उभी आहे, आणि गाऱ्हाणं घालायला माणूस समोर नसला तरी चालतो, फोन चालतो. फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कुणीतरी हवं.

“आत्या, इथे काम चाललंय.”

“काम चलूंदे. फोन त्या डब्याकडे धर.”

पदवीधर माणसाने अशा वेळी काय करावं हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. चंद्रप्रकाशने फोन स्पीकरवर टाकला आणि मॉनिटरकडे धरला.

“बा देवा म्हाराजा, राखणदारा, बारा गावच्या बारा वयवाटीच्या म्हाराजा!” आत्याचा आवाज ध्वनिरोधक खोलीत घुमला. “आज ह्यो तुझो लेकरू तुका सांगणा करता. ह्येच्या जिभेर जा काय बसला आसात, नायतर ह्या पडद्यार जा काय बसला आसात, ता भायर काढ. ह्येच्या बापाशीकडना जा चुकला ता पदरात घे. ह्येका मागे रवाक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“मोठ्यान!”

“व्हय म्हाराजा!” सुयोग आणि श्रुतिका एकदम ओरडले. सुयोग संगमनेरचा होता, पण त्याचंही बोट नेमकं त्याच क्षणी बटणावर पडलं.

पडदा विझला. उजळला. आणि विझला नाही.

सुयोगने दोन्ही हात वर केले. नवी मापं धरली होती. चित्र असं सफाईने सरकायला लागलं की रुद्रप्पाच्या गालावरची वळवळणारी नस दिसे. “वाट लावली की नाही लॅगची!” सुयोग म्हणाला. श्रुतिकाने चंद्रप्रकाशच्या खांद्यावर थाप मारली. फोनमध्ये आत्याने नारळ फोडल्याचा आवाज आला, पाठोपाठ खालच्या कुणीतरी दिलेली शिवी.

चंद्रप्रकाश आत गेला. हेडफोन चढवले. वर खाकऱ्याचं मशीनही गप्प होतं.

“तुझी वेळ भरत आली आहे.”

‘भ’ पडला. रुद्रप्पाचे ओठ उघडे होते. आता त्यात धूसरपणा नव्हता, भूत नव्हतं, उशीर नव्हता. स्वच्छ, झळझळीत उघडे. त्यांना बघून ते कशाची तरी वाट बघताहेत असं वाटत होतं. वाक्य संपलं. मग ते मिटले, आणि पुन्हा थोडे हलले, त्याचं बोलून झाल्यावरही. एखादा माणूस मनातल्या मनात काही म्हणत राहतो तसे.

“अजून एकदा,” हेडफोनमध्ये सुयोग म्हणाला, उशिराने. आधी “अजून एकदा” म्हणायला त्याला एवढा वेळ लागत नव्हता.

अजून एकदा झालं. अजून सात-आठदा झालं. शेवटच्या वेळी चंद्रप्रकाश ‘वेळ’ या शब्दापाशीच थांबला. पुढचा शब्द समोर कागदावर होता, माहीत होता, पण तो आणि शब्द यांच्यामध्ये एक जागा येऊन उभी होती. जाड, शांत, ओळखीची. ती त्याने घरी जेवणाच्या ताटासमोर पाहिली होती, मिठाच्या आधी.

आता दोष द्यायला डबाही उरला नव्हता. सुयोगने तो नीट केला होता.

*

शुक्रवारी दुपारी मुकुलभाईंनी निरोप पाठवला. मंगळवारी काम सिनेमा कंपनीच्या अंधेरीच्या कार्यालयात पोचवायचं होतं, आणि नायक, नायिका, पोलिस, पुजारी, जखमी म्हैस, सगळ्यांचे आवाज झाले होते. एकटा रुद्रप्पा मुका होता.

“बसा, चंद्रप्रकाशभाई,” मुकुलभाई म्हणाले. टेबलावर खाकऱ्यांची बशी होती. वरचा गाळाही त्यांचाच होता. “सुयोग बोलला, मॉनिटर खराब आहे. आपण नवा आणू. काय टेन्शन नको घ्या.”

चंद्रप्रकाश बसला नाही. बाहेरच्या खोलीत सुयोग वायर गुंडाळायचं नाटक करत होता, आणि दार उघडं होतं. एवढंच म्हणायचं होतं की हो, नवा आणा. नव्या पडद्यावर आणखी एक आठवडा निघाला असता. त्याच्यानंतर हेडफोन होते, माइक होता, खाकरे होते. नाव घ्यायला कुणी ना कुणी सापडतंच. भाऊंनी गिरणीचं घेतलं होतं, आणि त्यात दोन वर्षं औषधाविना गेली होती.

“मॉनिटर बदलू नका,” तो म्हणाला. “मॉनिटर बरोबर आहे. मीच मागे पडतोय.”

“शू?” मुकुलभाई गोंधळले की आपल्या गुजरातीत जात.

“माझी जीभ. वडिलांचं असंच सुरू झालं होतं, याच वयात. सोमवारी मुलुंडला डॉक्टर बघणार आहेत. पण मला कळलंय ते. तुम्ही दुसरा माणूस बघा, मुकुलभाई. ओठ बसत नाहीत माझ्याच्याने आता.”

हे तो अडखळत म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण तो ते एका दमात, खणखणीत, शब्दाला शब्द लावून म्हणाला, आणि इतक्या चांगल्या आवाजात, की मुकुलभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर सुयोगच्या हातून वायर पडली.

मुकुलभाई उठून त्याच्या जवळ आले. त्याचे दोन्ही हात हातात घेतले. ते थरथरताहेत का हे दोघांनीही पाहिलं. मुकुलभाईंना थरथरतायत असं वाटलं, चंद्रप्रकाशला खात्रीच होती. “घरी जा. आराम करा. तुमची खुर्ची तुमचीच राहणार हां,” ते म्हणाले, ज्याचा अर्थ या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

मग ते कामाला लागले. आधी त्यांनी आकाशला फोन केला. आकाश हा तिशीतला पोरगा, दोन वर्षं रुद्रप्पासारख्या कुणाची तरी वाट बघत शिपायांचे आणि सरपंचांचे आवाज देत होता. त्याने वाईट वाटल्याचं आधी सांगितलं आणि किती वाजता येऊ ते नंतर विचारलं, एवढी सभ्यता त्याने पाळली. पुढची सगळी रुद्रप्पांची कामंही त्यालाच, असं तिथल्या तिथे ठरलं. चंद्रप्रकाश उभा राहून ऐकत होता. आपल्या समोर आपली जागा भरताना बघणं विचित्र असतं, पण त्याला त्यात एक प्रकारचा निवांतपणाही वाटला. तो सुगंधाला काय सांगायचं त्याची वाक्यं मनात लावायला लागला होता.

मुदत वाढवून घ्यायला मुकुलभाईंनी अंधेरीला लावलेला दुसरा फोन स्पीकरवर होता. तिथे मराठीचं काम बघणारी जान्हवी नावाची मुलगी होती, कायम घाईत.

“जान्हवीबेन, आपले चंद्रप्रकाशभाई आजारी झाले. लई मोठा आजार आहे. चार दिवस वाढवून द्या.”

“अरे बापरे! काय झालं सरांना?”

“जीभ मागे पडते. ओठ नाय बसत त्यांचे.”

“कुणाच्या ओठांशी?”

“रुद्रप्पाच्या.”



“रुद्रप्पाचे ओठ जुळवताय तुम्ही?” जान्हवी म्हणाली. “कशाशी?”

रुद्रप्पाचं काम करणारा नट लुधियानाचा होता. त्याला सिनेमाची मूळ भाषा येत नव्हती. कॅमेऱ्यासमोर तो प्रत्येक वाक्याच्या जागी एक ते वीस आकडे म्हणत होता.